रिकामा फ्लॅश

ते मोबाईलचे दिवे बंद करा आधी. लाइट गेलीय तर जाऊ दे, यायची तेव्हा येईल. आणि दारात बसलीयस ती तू, जरा आत सरक, अंधारात कुणाचा पाय पडेल तुझ्यावर. हं. भुताची गोष्ट हवीय म्हणता. मी भूतबीत मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात. झाकण उघडल्यावर जे दिसतं तेवढंच खरं, असं मानणारा मी माणूस. पण माझ्या दुकानाला लागून फोटोवाल्याचं दुकान आहे. त्याच्या बाबतीत जे घडलं, ते त्यानं मला स्वतः सांगितलंय. आणि तो काही थापा मारणारा... म्हणजे मारायचा थापा, तेही येईलच पुढे. पण ही थाप नव्हती.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, गुरुवार. जेवण उरकून फोटोवाला दुकान उघडायला निघाला. काम तसं साधंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. सभागृहाला त्याच्या धाकट्या भावाचं नाव द्यायचं ठरलं होतं. धाकटा लष्करात होता, बर्फातल्या एका चौकीवर कामी आला. त्याचा गणवेशातला फोटो माणसाच्या उंचीएवढा करून मंचावर लावायचा होता आणि त्यावरचा पडदा त्याच्या आईच्या हातून उघडायचा होता. कमिटीवाल्यांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, पण हा आज करतो, उद्या करतो म्हणत शेवटच्या रात्रीवर आला. आळशी नव्हे हं. लग्नाचे अल्बम तारखेच्या आधी नेऊन देणारा माणूस. या एका फोटोला हात लावायचं मात्र तो होता होईल तो टाळायचा.

चपला घालताना आई आतून म्हणाली, "मोठा करतोयस ना? मग नुसता चेहराच कर. तेवढा पुरे."

"कमिटीला पूर्ण हवाय, आई. पट्टा, बिल्ले, सगळं दिसायला पाहिजे म्हणतात."

"कमिटीला काय कळतंय," म्हणत म्हातारीनं कूस बदलली.

तिला आता कमी दिसायचं. घरातही भिंतीवर तोच फोटो होता, आणि त्याच्याखालच्या फळीवर ती रोज पेल्यात फुलं ठेवायची. चांगली लांब देठांची, पानांसकट. फोटोचा खालचा अर्धा भाग त्या झाडोऱ्याच्या मागे जायचा. फोटोवाला मनात म्हणायचा, बिचारीला दिसत नाही, ठेवते कुठंतरी.

आता जरा मागे जातो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वडील लवकर गेले, तेव्हा दुकान थोरल्याकडे आलं. धाकटा तेव्हा शाळेत. शाळा सुटली की दप्तर टाकून दुकानात हजर. प्रिंट धुवायच्या, वाळत घालायच्या, कॅमेऱ्यात रोल भरायचा.

काय? रोल म्हणजे काय? वा. दिवसाला पन्नास फोटो काढता स्वतःचे, आणि रोल माहीत नाही. अगं, फोटो ज्याच्यावर उमटायचा ती पट्टी. अंधारात भरायची, अंधारात काढायची. जरा उजेड लागला की सगळं गेलं. आता हे नीट ऐका, यातच सगळं आहे. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचा उजवीकडचा लिव्हर ओढायचा, म्हणजे पट्टी पुढे सरकते. आणि पट्टी सरकली की डावीकडची एक छोटी चकती, नॉब म्हणायचे त्याला, तो आपोआप फिरतो. रोल नसला, तर लिव्हर ओढा किती ओढायचा तो, नॉब ढिम्म हलत नाही.

तर धाकट्यानं एकदा रोल नीट भरला नाही आणि एक अख्खं लग्न कोरं गेलं. थोरल्यानं कानाखाली वाजवली त्याच्या. "लिव्हर ओढला की आधी नॉबकडे बघायचं! बायकोचं तोंड नंतर बघ, नॉब आधी!" पोराला अजून मिसरूड फुटलं नव्हतं, कुठली बायको. पण त्या दिवसापासून त्याची नजर पक्की झाली. कुणाच्याही हातात कॅमेरा दिसला की याचं लक्ष डाव्या बाजूला.

पुढे तो भरती झाला. शेवटच्या सुट्टीत आला, तेव्हा परत जायच्या दिवशी कडक इस्त्रीचा गणवेश घालून, पट्ट्याचं बक्कल लखलखीत घासून दुकानात आला. आतल्या खोलीतल्या गोल स्टुलावर बसला. "दादा, एक फोटो काढ. आईला भिंतीवर लावायला हवाय."

"काढू की. पाच मिनिटं बस."

त्या दिवशी दुकानात एका बड्या कंत्राटदाराच्या घरची मंडळी आली होती. साखरपुड्याचे फोटो. पोशाख बदलून बदलून, एकटे, जोडीनं, काकू-मावशीसकट. पाच मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. धाकटा पाठ न टेकता बसून होता, इस्त्री मोडेल म्हणून. बसची वेळ झाली तसा पुन्हा म्हणाला, "दादा, एकच."

आता फोटोवाल्यांची एक खोड सांगतो तुम्हाला. कुणी फुकटात "माझा एक काढ ना" म्हणून मागे लागलं, की ते रिकामा कॅमेरा उचलायचे. लिव्हर ओढायचा, फ्लॅश उडवायचा, समोरचा खूष. रोल वाचला, बला टळली. याला म्हणायचे रिकामा फ्लॅश.

थोरल्यानं फळीवरचा रिकामा कॅमेरा उचलला. लिव्हर ओढला. "हनुवटी जरा खाली... हं." फ्लॅश उडाला. "झालं. पळ आता, बस चुकेल."

सख्ख्या भावाला त्यानं फुकट्यांच्या रांगेत बसवलं. त्याच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. घरचाच माणूस, पुढच्या सुट्टीत काढू निवांत, एवढाच विचार. आपण सगळे असंच करतो. घरच्यांना पुढच्या खेपेला, परक्यांना आत्ता.

धाकटा उठला. क्षणभर थांबला. मग दादाच्या पाया पडला आणि गेला.

नंतर चौकीवरून एकदाच फोन लागला. "दादा, फोटो कसा आलाय?"

"झकास आलाय."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. लाइन खराब असेल, याला वाटलं. मग धाकटा म्हणाला, "बरं. आईला दे."

आणि मग पेटी आली. उघडायची नाही, असं सांगून ती आणली होती. आईला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. ती एवढंच म्हणाली, "जाताना फोटो काढला होतास ना त्याचा? तो लाव."

काय सांगेल तो? सांगा ना, तुम्ही काय सांगितलं असतंत?

घरात धाकट्याचा एक जुना गणवेश होता ट्रंकेत. त्या रात्री दुकानाचं शटर आतून ओढून यानं तो अंगात चढवला. पोट सुटलेलं, बटणं लागेनात. श्वास आत ओढून कसाबसा लावला, त्याच स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. मग भरतीआधीच्या ओळखपत्रावरचा धाकट्याचा चेहरा मोठा करून ब्लेडनं कापला आणि स्वतःच्या मानेवर चिकटवला. सांधा ब्रशनं बुजवून टाकला. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणालाही कळलं नाही.

तो फोटो घरी लागला, वाचनालयात लागला, शाळेत लागला. दरवर्षी धाकट्याच्या पुण्यतिथीला लोक त्याच्यासमोर फुलं ठेवायचे, मान झुकवायचे. गुरुजी मुलांना सांगायचे, "छाती बघा, छाती! याला म्हणतात शूराची छाती." आणि हा मागे उभा राहून ऐकायचा. पोट दिसू नये म्हणून श्वास ओढून धरलेली स्वतःचीच छाती. जिवंत माणूस स्वतःच्याच धडासमोर फुलं वाहत होता. मला सांगताना म्हणाला, "घड्याळजी, दरवर्षी त्या दिवशी मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. आणि दरवर्षी मी भाषणानंतर हार्दिक आभार मानायचो."

तर त्या गुरुवारी रात्री. अकराला पाच कमी होते. वेळ मला पक्की माहीत आहे, ती कशी ते सांगतो, माझं दुकान बंद करून मी तेव्हाच निघालो होतो आणि त्याच्या अर्ध्या शटरखालून उजेड दिसत होता. मी हाकही मारली. "चालू दे, उशीर होईल," म्हणाला.

आत त्यानं तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करायला लागला. चेहरा ओळखपत्राचा, तो मोठा करताना फुटत चालला. कॉलरपाशी ब्रशचे फटकारे उघडे पडले. आणि हात... हात मात्र स्वच्छ. एक एक शीर दिसत होती. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. कागद कापायच्या सुरीखाली आलं होतं त्याचं कधीतरी, ते तसंच वाढायचं. गावात ते नख सगळ्यांच्या ओळखीचं. माणसाच्या उंचीएवढा फोटो म्हणजे ते नख खऱ्याहून मोठं होणार.

तो माउस घेऊन ते नख पुसायला लागला. थोडं पुसलं. थोडं आणखी पुसलं.

आणि लाइट गेली.

अशीच. आज गेली तशी.

खुर्चीतच बसून राहिला तो. मोबाईल बाहेर काउंटरवर. येईल दोन मिनिटांत, म्हणून थांबला.

आतल्या खोलीतलं स्टूल करकरलं.

ते गोल स्टूल. कुणी बसलं की एकदाच करकरायचं, मग गप्प. त्याच्या कानाला ते ओळखीचं होतं.

"कोण आहे?"

...

"दुकान बंद आहे हो."

...

उंदीर असेल, म्हणून तो उठला. दारापर्यंत गेला. आतून वास आला. बुटाच्या पॉलिशचा, ताजा.

झरोक्यातून रस्त्यावरच्या गाडीचा उजेड एकदा फिरला आणि गेला. तेवढ्यात त्याला दिसलं. पट्ट्याचं बक्कल. स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं असतं तेवढ्या उंचीवर. लखलखीत.

मग पुन्हा काळोख.

समोर कुणीतरी ताठ बसलंय... पाठ न टेकता... वाट बघतंय. कशाची, ते याला विचारावं लागलं नाही.

जुना कॅमेरा दारालगतच्याच फळीवर होता. शोभेला ठेवलेला. रोल मिळणं कधीच बंद झालं होतं. फ्लॅशमधले सेल तर गंजून गेलेले.

त्यानं तो उचलला. आणि त्या अवस्थेतही पहिला विचार काय आला, ठाऊक आहे? हे त्यानं मला खाली मान घालून सांगितलं. मनात आलं, मारावा रिकामा. जाईल. तेव्हा गेला तसा.

त्यानं लिव्हर ओढला.

डाव्या हातावर काहीतरी टेकलं.

बोट.

गार. दाबत नव्हतं. ओढत नव्हतं. त्याच्या बोटांवरून हळूच सरकलं... आणि नॉबवर येऊन थांबलं.

नॉब फिरला नव्हता.

बोट तिथंच.

...

तेव्हा त्याला कळलं. त्या दिवशी स्टुलावर बसून धाकट्यानं नॉबकडे बघितलं होतं. बघणारच. कानाखाली खाऊन शिकला होता तो. त्याला तेव्हाच समजलं होतं की दादानं आपला फोटो काढला नाही. तरी तो पाया पडून गेला. आणि तिकडून फोन करून त्यानं विचारलं, फोटो कसा आलाय. चौकशी नव्हती ती. दादाला खरं बोलायची एक संधी दिली होती त्यानं.

आणि दादा म्हणाला, झकास.

फोटोवाल्यानं लिव्हरवरचा अंगठा काढला. "रोल नाहीये रे," म्हणाला. "आत्ता नाही... तेव्हाही नव्हता." मग सगळंच बोलला. कंत्राटदाराची माणसं. फोनवरची थाप. ट्रंकेतला गणवेश, बटणं, ओढलेला श्वास, ब्लेड. काळोखाला सांगत राहिला.

हळूच बोट उचललं गेलं.

स्टूल करकरलं. एकदाच.

पुन्हा बसला होता. अजून वाट बघत होता.

"अरे, पण रोल..."

...

यानं कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हनुवटी जरा खाली." आणि बटण दाबलं.

फ्लॅश उडाला.

गंजलेल्या सेलांचा फ्लॅश. खोली पांढरी फटक झाली. आणि जन्मभर फ्लॅशसमोर पापणी न हलवलेल्या त्या माणसानं नेमके त्या वेळी डोळे मिटून घेतले. भीतीनं नव्हे. मी विचारलं त्याला. म्हणाला, "भीती कसली, भाऊच तो. तोंड दाखवायला जागा नव्हती मला."

डोळे उघडले तेव्हा काळोख होता. लाइट बऱ्याच वेळानं आली. स्टूल रिकामं होतं आणि अजून किंचित फिरत होतं.

रात्रभर तो झोपला नाही. सकाळी सभागृह भरलं. आईनं दोरी ओढली, पडदा सरकला, आणि मंचावर नुसता चेहरा. ओळखपत्रातला, फुटलेला, साध्या शर्टातला कोवळा पोरगा. कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले. हा माइकपाशी गेला आणि म्हणाला, "त्याचा एवढाच फोटो आहे. गणवेशातला काढून घ्यायला तो आला होता. मी काढला नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्याला मान दिलात, तो मी होतो."

लोक काय करतील? टाळ्या वाजवल्या त्यांनी! अध्यक्षांनी पाठ थोपटली. दुःखानं बोलतोय बिचारा, काय मन मोठं आहे, असं म्हणत जो तो पुढे येऊन हात मिळवायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

एकटी आई जागची उठली नाही. तो शेजारी येऊन बसला तेव्हा तिनं त्याचा डावा हात मांडीवर घेतला. अंगठा चाचपला. चिरलेल्या नखावरून बोट फिरवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "झाकून झाकून दमले रे मी. रोज एवढी फुलं आणायची कुठून?"

मी मागच्याच रांगेत होतो. ऐकलं मी ते.

झाली गोष्ट. आता उठा... काय? भूत कुठाय यात? वीज गेली, घाबरला, मनाचे खेळ, असंच म्हणायचंय ना? मीही तेच म्हणालो त्याला. तेव्हा त्यानं पिशवीतून तो कॅमेरा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "लिव्हर ओढ," म्हणाला. मी ओढला. आम्ही दोघांनी पाहिलं. डावीकडचा नॉब फिरला.

मी म्हटलं, कुठूनतरी रोल धुऊन आण, अजून कुणी ना कुणी धुणारं असेल. तर म्हणाला, "आणि त्यात तो असला तर? त्याच्याकडे बघायला लागेल मला." कॅमेरा माझ्याकडेच ठेवून गेला. घरी ठेवला तर कधीतरी हातून उघडला जाईल, म्हणाला.

पोरी, तुझ्या मागच्या कपाटातच आहे. खालच्या खणात, घड्याळाच्या पट्ट्यांच्या डब्यामागे. हं, तोच. जड आहे, नीट धर. आता डाव्या बाजूचा नॉब चाचपून बघ. सापडला? बाणाच्या बाजूला फिरव, अगदी अलगद. आत काही नसलं तर गरगर मोकळा फिरेल.

फिरतोय?

"...नाही काका. अडतोय."

हं. ठेव जागेवर. झाकण तेवढं उघडू नकोस, लाइट कधीही येईल.